महिन्याचा पुस्तकी किराणा

एकोणीस-वीस वर्षांची असताना मी रायपूरमधली सर्वांत मोठी मराठी ग्रंथसमीक्षक होते. रायपूरमध्ये दुसरी कोणी मराठी ग्रंथसमीक्षक नव्हती, हा तपशील मी त्या काळात कोणाला सांगत नसे, आणि कोणी विचारतही नसे. तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यात आमचं एक छोटं मराठी वाचनालय होतं, भाड्याच्या दोन खोल्यांचं. तिथं दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सतरंजीवर बसलेल्या पंधरा-वीस माणसांसमोर, मी त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकांचा आढावा वाचत असे. कादंबरी, नाटक, कविता, प्रवासवर्णन, चरित्र, लोणची-मुरंबे, मूळव्याधीवरचे घरगुती उपाय, मुलांच्या गोष्टी, सगळं त्यात यायचं. पाळण्यातल्या पोरापासून कवळी बसवलेल्या आजोबांपर्यंत कोणीही उपाशी जाऊ नये असा माझा आग्रह होता. या आढाव्याला मी ‘सर्ववयोगटीय मासिक ग्रंथपरामर्श’ असं नाव दिलं होतं. बाबा त्याला ‘वंदूचा किराणा’ म्हणत, आणि हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले. माझं नाव वंदना. ‘ग्रंथपरामर्श’ हा शब्द रायपुरात माझ्याशिवाय कोणीही एकदासुद्धा उच्चारल्याचं मला आठवत नाही.

पुस्तकं सगळ्या वयांची असली तरी भाषा एकच, माझी. चार वर्षांच्या मुलांसाठीच्या एका चित्रपुस्तकाबद्दल मी लिहिलं होतं, ‘प्रस्तुत कृतीतील अस्वलाची भूक ही केवळ जैविक नसून अस्तित्वगत आहे.’ लोणच्यांच्या पुस्तकाबद्दल लिहिलं होतं, ‘कैरीच्या प्रकरणात लेखिकेची जीवनदृष्टी अधिकच आंबट होत जाते.’ हे मी विनोद म्हणून लिहिलं नव्हतं. सतरंजीवरचे लोक हसले तेव्हा मला त्यांची कीव आली होती. त्यातून मी पुणं कधी पाहिलेलं नव्हतं. घरात ‘मले’, ‘तुले’ बोलणारी मी, आढावा हातात आला की थेट पुण्याच्या सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी बोलू लागे. वाचून घरी परतताना रिक्षावाल्याशी भाव करायची वेळ आली की मग पुन्हा रायपूरला येई.

आम्ही समता कॉलनीत राहत होतो. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, मूळचे अकोल्याकडचे. त्यांना दोन्ही वेळा ज्वारीची भाकर लागे. आईनं मात्र रायपूरचा भात पत्करला होता, त्यामुळे आमच्या ताटात रोज दोन राज्यं असत. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची भाजी, पाटवडीचा रस्सा, हिवाळ्यात आईच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या. समोर एक दवाखाना होता. त्याचा कंपाउंडर दिवसभर पेशंटची नावं पुकारायचा, आणि तेवढा थांबला की लांबून शंटिंगच्या इंजिनाची शिटी ऐकू यायची. या आवाजात मी स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या कोठीवर मांडी घालून बसायची आणि लिहायची. समीक्षकाला उंच आसन लागतं, असं माझं मत होतं.

“वंदे, उठ वं कोठीवरून, तांदूळ काढू दे,” आई म्हणायची.

“आई, एक मिनिट. मी निष्कर्षापाशी आहे.”

“निष्कर्ष शिजवून खाशीन काय?”

बाबा संध्याकाळी चहा पीत माझी पानं हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचे. “काहून वं, हे जे तू लिहून राहिली, हे तुले समजते का?”

“समजतं.”

“मग मले सांग. पुस्तक चांगलं आहे का नाही?”

“असं सरळ म्हणता येत नसतं बाबा.”

“म्हणजे किराणा आणला, पण चूल पेटलीच नाही.”

माझा धाकटा भाऊ बंटी मराठी समजून घेई, पण उत्तर हिंदीतच देई. त्याचं म्हणणं आणखी थोडक्यात असे. “दीदी, बस इतना लिख दे ना, मज़ेदार है कि बोरिंग.” मी त्याला रसिकतेच्या पायऱ्या समजावून सांगायला लागले की तो क्रिकेट खेळायला पळून जाई. आता विचार करते तर वाटतं, बाबा आणि बंटी मिळून माझ्यापेक्षा बरा आढावा लिहू शकले असते. पण त्या वयात घरच्या माणसांना वाचता येतं हेच मला मान्य नव्हतं.

मग राज्य नवं झालं आणि आमचं गाव राजधानी. गावाला एकदम घाई झाली. सरकारी पाट्यांवर जुन्या राज्याच्या नावावर रंग मारून नवं नाव लिहिलं गेलं. रंग पातळ होता, त्यामुळे कितीतरी दिवस एका राज्यातून दुसरं राज्य डोकावत राहिलं. लाल दिव्यांच्या गाड्या आल्या. बाबांना पार्सल ऑफिसात रोज नव्या साहेबांच्या सामानाच्या पेट्या उतरवून घ्याव्या लागत. आणि ऑफिसांना जागा पुरेना. शंकर नगरातल्या चांगल्या बंगल्यांवर रातोरात संचालनालयांच्या पाट्या लागल्या. ज्या खोलीत कालपर्यंत कोणाची मुलं अभ्यास करत होती तिथं उपसंचालक बसायला लागले. ही लाट तात्यापाऱ्यापर्यंत यायला फार दिवस लागले नाहीत. आमच्या वाचनालयाच्या घरमालक सेठजींनी एक दिवस हात जोडून सांगितलं की त्यांच्याकडे सरकारी भाडेकरू आलाय, आणि सरकारला नाही म्हणायची पद्धत त्यांच्या घराण्यात नाही.

वाचनालयाचे चिटणीस मोहरीलकाका. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुराहून इकडे आलेलं, तेव्हापासून इथलंच. मोहरीलकाका वकील होते, पण वाद घालायचा त्यांना मनापासून कंटाळा होता. त्यांनी सतरंजीवर सभा घेतली. कोणी म्हणालं पुस्तकं नागपूरला पाठवा, कोणी म्हणालं महाविद्यालयाला देऊन टाका. मी उभी राहून एक भाषण केलं, त्यात ‘सांस्कृतिक निर्वासन’ असा शब्द होता. भाषण संपल्यावर मोहरीलकाका म्हणाले, “पोरी, छान बोललीस. आता उपाय सांग.” तो आईनं सांगितला. ती मागं बसून चहाचे पेले गोळा करत होती. “जागा मिळेपर्यंत एकेक गठ्ठा एकेकानं घरी ठेवा नं. घरं तं आहेत सगळ्याइले.” सभा पाच मिनिटांत संपली.

पण कुणाच्या घरी कुठला गठ्ठा, हे ठरवायचं काम मी हट्टानं मागून घेतलं. ज्या घरची जशी प्रवृत्ती तशी तिथं पुस्तकं, असा माझा सिद्धांत. समता कॉलनीतल्या देशमुखांकडे दांडगी जुळी मुलं होती, म्हणून त्यांना मुलांची पुस्तकं. पिंपळीकरआजी दिवसभर जपमाळ ओढत, म्हणून त्यांना अध्यात्म. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात विदर्भातून आलेले तरुण इंजिनियर एका मेसमध्ये राहत, त्यांना रहस्यकथा. आणि शंकर नगरातले ठोसरकाका, रेल्वेचे निवृत्त गार्ड, ज्यांच्यापुढे सगळी मंडळी जरा सरळ बसत, त्यांना चरित्रं आणि इतिहास. बाकीच्या घरांना बाकीचं. प्रत्येक गठ्ठ्यावर मी सुरेख अक्षरात चिठ्ठी लिहिली. वर घराचं नाव, खाली वाङ्मयप्रकार, त्याखाली वयोगट. चिठ्ठ्या चिकटवायला घरी मैद्याची खळ शिजवली.

आई म्हणाली, “मोरचूद टाक वं त्याच्यात, नाही तं काहीबी येऊन खाईन.”

मी म्हणाले, “आई, हे ग्रंथ आहेत, शेवयांची पाटी नाही.”

वैशाखाची दुपार होती. गठ्ठे वाचनालयाच्या ओसरीवर ओळीनं मांडून मी समोरच्या दुकानात उसाचा रस प्यायला गेले. मोहरीलकाका आतल्या खोलीत रिकाम्या कपाटांकडे बघत बसले होते. परत आले तर मोहल्ल्यातल्या दोन बकऱ्या ओसरीवर उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या कुठल्याही श्रोत्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. पुस्तकांना त्यांनी तोंड लावलं नव्हतं. फक्त चिठ्ठ्या, खळीसकट, अगदी चाटून पुसून. माझ्या साहित्याचं इतकं संपूर्ण ग्रहण त्यापूर्वी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. “गठ्ठे सोडून बघू,” मी म्हणाले. मोहरीलकाकांनी बाहेर येत कपाळाचा घाम पुसला. “आठवतंय ना तुला? मग सांग पटापट.” मला वाटलं आठवतंय. गठ्ठ्यांच्या आकारावरून मी बोट दाखवत गेले आणि टेम्पो ते घेऊन गेला.

आठवडाभरात कळलं की मला काहीच आठवत नव्हतं. देशमुखांच्या जुळ्यांकडे चरित्रं आणि इतिहास गेले. अध्यात्म सिलतऱ्याच्या मेसमध्ये पोचलं. पिंपळीकरआजींकडे रहस्यकथा, आणि ठोसरकाकांकडे सगळी मुलांची पुस्तकं, मोठ्या अक्षरांची, वाघ-सशांची. मी आधी दोन दिवस घराबाहेर पडले नाही, मग बाबांची सायकल काढली आणि चूक निस्तरायला निघाले. महिनाअखेर आली होती. आढावा लिहायचा होता आणि माझे सगळे वयोगट गावभर विस्कटले होते.

पहिल्यांदा पिंपळीकरआजींकडे गेले. त्यांनी दार उघडलं ते बोट पुस्तकात घालूनच. “आजी, चूक झाली. हे तुमच्यासाठी नव्हतं. हिंसा आहे त्यात.”

“हिंसा काय, दोनच तं मुडदे आहेत,” आजी म्हणाल्या. “अन् बोलू नको मधी. दिवाणजीनं मारलं का भाच्यानं, तेवढं समजू दे.” मी गठ्ठ्याकडे हात केला तर त्यांनी जपमाळेचाच माझ्या हातावर फटका मारला. सिलतऱ्याच्या मेसमध्ये तर मी जाईपर्यंत मुलं पाळी संपवून आली की एकमेकांना उपदेश करायला लागली होती. एका अभियंत्यानं मला दारातच ‘देह नश्वर आहे, ताई, चहा घ्या’ असं सांगितलं. त्यांनाही गठ्ठा परत द्यायचा नव्हता. देशमुखांकडे जुळ्यांनी जाड चरित्रांचा किल्ला रचला होता, आणि आत बसलेल्याला कोणाची तरी वंशावळ पाठ म्हणून दाखवल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते. रोज संध्याकाळी मी रिकाम्या कॅरिअरनिशी घरी यायची. बाबा विचारायचे, “का वं, आज कोणता माल परत आला?” सगळं माझ्या सिद्धांताच्या विरुद्ध चाललं होतं, आणि आढावा लिहायला कोठीवर बसलं की वाक्य सुचत नव्हतं. कारण वाक्यात घालायला फक्त माझं मत होतं, आणि ते आता कोणाच्याच घराला लागू पडत नव्हतं.

ठोसरकाकांचं घर मी शेवटी ठेवलं होतं. तिथं माझी खात्री होती की ते गठ्ठा माझ्या तोंडावर फेकतील. शिवाय त्या घराबद्दल सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्यांचा मुलगा अविनाश सिलतऱ्याच्याच एका कारखान्यात होता. त्यानं उर्मिला नावाच्या छत्तीसगढी मुलीशी लग्न केलं होतं. ती आरंगकडच्या गावची, कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आमच्या मंडळींपैकी बरेच जण लग्नाला गेले नव्हते. आई-बाबा गेले होते, पण जेवल्यावर लगेच परतले होते. ठोसरकाका विधुर. त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं नाही, सुनेला काही बोलले नाहीत. वाईट नाही, चांगलं नाही, काहीच नाही. लग्न होऊन दुसरा उन्हाळा लागला तरी ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पुढच्या खोलीत बसत, तिथंच जेवत. ताट अविनाश आणून देई, तो पाळीवर असला की ती स्टुलावर ठेवून मागं फिरे.

मी गेले ती दुपारची वेळ. कुलर घोंघावत होता, वाळ्याचा ओला वास भरला होता. ठोसरकाका आरामखुर्चीत ताठ बसले होते. गार्डच्या डब्यात बसल्यासारखेच, कुठल्याही क्षणी झेंडा दाखवावा लागेल अशा बेतानं.

“ये. हे कोण्या शहाण्यानं पाठवलं?” ते म्हणाले. “वाघोबा, ससोबा! मी काय पाळण्यात आहो?”

मी बकऱ्यांचं सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. “घेऊन जा. आतमधी आहे गठ्ठा. त्या तिकडं.” आणि आतल्या दाराकडे हनुवटी केली. दारापलीकडून काहीतरी तळल्याचा खमंग वास येत होता.

आत उर्मिला जमिनीवर बसून ठेठरी वळत होती. बेसनाची ती खारट वेटोळी मला फार आवडत, पण आमच्या घरी कधी होत नसत. तिच्यासमोर तेलाच्या डब्याला टेकवून एक पुस्तक उघडं ठेवलेलं होतं आणि त्याची पानं उडू नयेत म्हणून वर लाटणं आडवं घातलं होतं. तिनं मला पाहिलं आणि पुस्तक झाकायला हात पुढे केला, पण हात पिठाचे होते.

“दीदी, ले जाओगी क्या?” ती हळू म्हणाली. “एक दिन रुक जाते. ये वाली पूरी नहीं हुई.”

ती माझ्याहून मोठी होती, तरी मला दीदी म्हणाली. माझ्या आढाव्यात या पुस्तकांचा वयोगट चार ते सात असा ठरलेला होता, आणि ती त्यात बसत नव्हती.

“मराठी समजतं?” मी विचारलं.

“पढ़ तो लेती हूँ, अक्षर तो वही हैं. समझने का अंदाज़ा लगाती हूँ. ये घर में सब मराठी में चुप रहते हैं ना,” ती म्हणाली, “तो मैंने सोचा, कम से कम चुप रहना समझ में आए.” मग जरा थांबून, कढईत झारा फिरवत, “अगले महीने कारखाने का क्वार्टर मिल रहा है इनको. हम चले जाएँगे. तब तक पढ़ लेती हूँ. हव?”

मी हो म्हणाले. तेवढ्यावर खूश होऊन ती मला वाचून दाखवायला लागली. एका वेंधळ्या वादळाची गोष्ट होती. त्या वादळाला खेळायला कोणी नसतं, कारण ते येताना दिसलं की लोक खिडक्या लावून घेतात.

“एक होतं वेंधलं वादल,” तिनं वाचलं. “वादल मतलब बादल ना दीदी?”

“नाही, आंधी.”

“अच्छा, आंधी! मैं बादल समझ के रो रही थी. वेंधलं वादल तल्याकाठी गेलं…”

“ळ!” बाहेरून आवाज आला.

मला वाटलं काका मला काहीतरी म्हणाले. उर्मिलाचा झारा तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले, तिनं आणखी हळू पुन्हा वाचलं. “तल्याकाठी…”

“तळ्याकाठी! ळ! जीभ उलटी कर, वर टाळूले लाव!”

ती पांढरी पडली. तिनं प्रयत्न केला, तर ‘तड़्याकाठी’ झालं. खुर्ची करकरली. ठोसरकाका आतल्या दारात येऊन उभे राहिले. कमरेवर हात, चेहरा तोच, गाडी उशिरा आल्यासारखा. ते तिच्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

“ड़ नाही. ळ. हे पाह्य.” त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ वर वळवून दाखवायला गेले, तर वरची कवळी खाली घसरली. त्यांनी ती अंगठ्यानं परत बसवली. मी जन्मात इतका प्रयत्न कधी केला नाही जेवढा तेव्हा न हसण्यासाठी केला. उर्मिलाही पदरात तोंड घालून बसली होती. ती हसत होती की दुसरं काही, ते मला दिसलं नाही.

“वा… दळ,” ती म्हणाली.

“हं.”

“वेंधळं वादळ.”

“हं. फुडं.”

ती पुढं वाचत गेली. तळं, कोवळी, सावळी, डोळे, सगळीकडे ती अडली आणि सगळीकडे ते गुरकावले. कढईतल्या ठेठऱ्या काळ्या पडल्या, मी त्या काढल्या. त्या दुपारी त्या घरात माझा उपयोग झाला तो एवढाच. पान संपलं तरी काका दारातच उभे होते. मला वाटलं आता मी काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणाले, “काका, मग पुस्तकं नेऊ का?”

“कोणती पुस्तकं?” ठोसरकाका म्हणाले, आणि जाऊन खुर्चीत बसले.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. पीठ झाकून ठेवत ती म्हणाली, “जेवूनच लगेच पळून आलो आपण तिच्या लग्नातून. दोन घडी बसाले पाहिजे होतं बाप्पा.” बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “शेवटचा रविवार कुठं घेऊन राहिले तुम्ही, जागा तं गेली?” जागा खरंच नव्हती. दुसऱ्या दिवशी मोहरीलकाकांनी सांगितलं की ठोसरांचा निरोप आलाय, त्यांची पुढची खोली मोठी आहे.

पुढच्या गोष्टी इथंच सांगून टाकते, म्हणजे त्या मागं राहणार नाहीत. वाचनालयाला जागा पुन्हा मिळाली नाही. गठ्ठे ज्यांच्या घरी गेले त्यांचे झाले, आणि पुस्तकं शेजाऱ्यापाजाऱ्यांत अशी फिरायला लागली की ती कपाटात असताना कधी फिरली नव्हती. कारखान्याचं क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळालं, कारण अविनाशनं अर्ज मागं घेतला. मी महिन्याचा आढावा माझ्या लग्नापर्यंत लिहीत राहिले, पण आता सायकलवर बसून, घरोघर चहा पीत. पिंपळीकरआजींच्या मते कोणता खुनी भोळा होता आणि मेसमधल्या मुलांनी कोणता अध्याय कोणाच्या वाढदिवसाला वाचला, असं त्यात असे. बंटीसाठी शेवटी एक ओळ असे : मजेदार, किंवा बोरिंग. नावाजलेली समीक्षक मी झाले नाही. पुढची सगळी वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले. तिथं ‘अस्तित्वगत’ हा शब्द एकदाही लागला नाही. आता केस पांढरे व्हायला लागलेत, बंटीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते, आणि अस्वलाला भूक लागली की फक्त भूक लागली एवढंच सांगते.

त्या रविवारी मात्र मी अजून तीच होते. आढाव्याची पानं इस्त्री केलेल्या ओढणीसारखी जपून नेली होती. ठोसरांच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, कुलर फिरवून लोकांकडे केला होता. मंडळी आली, पण जरा अवघडून, चपला काढताना एकमेकांकडे बघत. बरेच जण त्या घरात त्या लग्नानंतर पहिल्यांदाच येत होते. मुलं पुढं बसली, देशमुखांची जुळी सगळ्यांत पुढं. मी घसा साफ केला, उभी राहिले.

“बस,” ठोसरकाका मला म्हणाले. “आधी मुलांचं होऊ दे. त्याइले धीर नाही निघत.” आणि त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली.

उर्मिला बाहेर आली, हातात वादळाचं पुस्तक. डोक्यावरचा पदर दोनदा सरळ केला. सतरंजीवर कोणीतरी खोकलं. तिनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. जुळ्यांना मराठी शब्द अडले की ती मध्येच थांबून छत्तीसगढीत सांगायची, मुलं मान डोलवायची, ती पुन्हा मराठीत यायची. वादळ गावभर फिरतं, सगळीकडे खिडक्या बंद, मग ते दमून तळ्याकाठच्या एका पळसाखाली झोपी जातं, आणि सकाळी लोक बघतात तर झाडाखाली सगळीकडे लाल फुलं पडलेली. एवढीच गोष्ट. ठोसरकाका तिच्याकडे न बघता ओठ हलवत होते. प्रत्येक ‘ळ’ तिच्या आधी त्यांच्या जिभेवर येत होता.

गोष्ट संपली. कोणी हललं नाही. सगळे शेजाऱ्याकडे बघत होते, दुसऱ्यानं काय केलं म्हणजे आपण करावं याचा अंदाज घेत. उर्मिला पुस्तक छातीशी धरून उभी होती. मग ठोसरकाका खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले, एकटेच, भिंतीकडे बघत, जोरजोरात आणि अजिबात ताल नसलेल्या. माझ्या आईनं त्यांच्यानंतर वाजवल्या, मग जुळ्यांनी, मग सगळ्या खोलीनं. “फिर से!” एक जुळा ओरडला. “दीदी, फिर से आंधी वाला!”

तिनं ती गोष्ट पुन्हा वाचली. मग मुलांनी दुसरी मागितली, मग ससा मागितला, मग चहा आला, ठेठरीची परात आली, मोहरीलकाका अविनाशला कारखान्याबद्दल विचारायला लागले, आणि पिंपळीकरआजी उर्मिलाला शेजारी बसवून दिवाणजीचं प्रकरण सांगायला लागल्या. माझा आढावा त्या रविवारी वाचायचा राहूनच गेला. कोणाला आठवण झाली नाही. मी पानं मांडीवर घेऊन बसले होते, बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, त्यावर चार ठेठऱ्या ठेवल्या, आणि म्हणाले, “खा वं. गरम आहेत.”